कावळा तव्यावर बसला की बसवला?

गेल्या श्रावणात आमच्या तालुक्याच्या गावी मुलांची कथाकथन स्पर्धा होती. परीक्षक तिघं, त्यातला एक मी. बाहेर असा पाऊस की पत्र्याखाली बोलणाऱ्याला घसा फोडावा लागत होता. तिसरीतली एक मुलगी उभी राहिली, हात फ्रॉकला पुसले, माइक बाजूला सारला आणि थेट मालवणीत सुरू झाली. ‘एक होतो कावळो नि एक होती चिमणी. कावळ्याचां घर शेणाचां, चिमणीचां घर मेणाचां.’

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तरी ती सांगत होती ते बघण्यासारखं होतं. कावळा झाली की आमच्याकडे तोंड करून काकुळतीला यायची, ‘चिमणीबाय, चिमणीबाय, दार उघड गो.’ आणि चिमणी झाली की चक्क पाठ करायची. पाठमोरीच बोलायची, ‘वायच थांब रे, झिलाक न्हाणयतंय.’ म्हणजे जरा थांब, बाळाला न्हाऊ घालतेय. मग तेल लावतंय, मग काजळ घालतंय, मग पेज भरवतंय, मग निजयतंय. पाच वेळा पाठ. सहाव्या वेळी वळली आणि दार उघडलं. कुडकुडणारा कावळा आत आला तो सरळ चुलीकडे गेला. काळोखात दिसलं नाही, नुकत्याच उतरवून ठेवलेल्या तव्यावर बसला आणि भाजला. चिमणी खोबरेलाची वाटी घेऊन धावली. ‘माजाच चुकला रे,’ म्हणाली, ‘बेगीन उघडूक होयां होतां.’

टाळ्या पडल्या. गुण द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या शेजारच्या परीक्षकांनी आशयाचे दोन गुण कापले. कारण विचारलं तर म्हणाले, ‘सादरीकरण छानच, पण मूळ गोष्ट बदलली.’ मी म्हटलं, मूळ गोष्ट म्हणजे कुठली? ‘अहो, सगळ्यांना माहीत आहे ती! चिमणी त्याला तव्यावर बसवते ती.’ त्यावर तिसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, छे, तवा कुठला, कावळा आत येऊन खीर संपवतो आणि मग चिमणी त्याला हाकलते. निकाल लावायला त्यांनी मोबाइल काढला. त्यावरच्या कार्टूनमध्ये चिमणीनं पहिल्याच हाकेला दार उघडलं, कावळ्याला टॉवेल दिला, आणि दोघांनी मिळून स्वच्छतेचं गाणं म्हटलं. म्हणजे परीक्षक तिघं आणि मूळ गोष्टी चार निघाल्या. गुण मात्र मुलीचेच गेले. ती चौथी आली, बक्षिसं तीन होती.

त्या दिवशी मी पुरेसा भांडलो नाही. भांडण इथे करतो.

आमच्या घरात ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जायची. आजी सांगायची तेव्हा चिमणी कावळ्याला गोड आवाजात म्हणे, ‘दमलास ना, बस हो तिथे, ऊब आहे.’ आणि तव्यावर बसवी. कावळ्याचं बूड भाजे, तो काव काव करत पळे, आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. आई सांगायची तेव्हा कावळा आपला आपण जाऊन बसे. आम्ही हसायचो तेव्हाही, पण कमी. बसला आणि बसवला, एका ‘व’चा काय तो फरक. बसला म्हटलं तर अपघात, बसवला म्हटलं तर कट. बसवला म्हणणाऱ्याच्या गोष्टीत दाराबाहेरचा माणूस लबाड असावाच लागतो, नाहीतर चटका देणं शोभत नाही. बसला म्हणणाऱ्याच्या गोष्टीत दार उशिरा उघडणारीला थोडं तरी वाईट वाटावं लागतं. आजीला कावळा चोरटा वाटायचा. सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोलंबी, कावळ्यांनी तिच्या डोळ्यांदेखत नेली होती. आईचं माहेर नदीकाठी, पुरात शेजाऱ्याकडे रात्र काढलेली. मी हे कारण म्हणून सांगत नाही. पण ऐकताना मला ते दिसायचं.

‘मूळ’ शोधायचा हट्टच असेल तर शोधू. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ही कहाणी आहे. कावळ्याचं घर तिथेही शेणाचं. मेणाचं घर मात्र साळैचं, म्हणजे साळुंकीचं. म्हणजे मुळाशी प्रामाणिक राहायचं तर पहिल्यांदा चिमणीलाच घराबाहेर काढावं लागेल. त्याची तयारी आहे का कुणाची?

तिथून सहाशे वर्षं पुढे येऊ. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या मुलीनं, मेरीनं, आपल्या आयेकडून ऐकलेल्या गोष्टी १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं छापल्या. नाव दख्खनचं असलं तरी गोष्टी सांगणारी आया, अ‍ॅना लिबराटा डिसोझा, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातली. तिला त्या आपल्या आजीकडून मिळालेल्या. आमच्या किनाऱ्यापासून फार लांबच्या नव्हेत. त्यात चिमणी-कावळ्याची गोष्ट आहे, आणि तिच्या शीर्षकातच निकाल लागलेला आहे : स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे. शेण नाही, मेण नाही. चिमणीचं घर लोकरीनं मढवलेलं, कावळ्याचं निवडुंगाच्या कुंपणावर चार काटक्या टाकलेलं. पावसात ते वाहून जातं. कावळाही एकटा नाही, जोडीनं येतो. ‘वारा झोंबतो, पाऊस झोडपतो, निवडुंगाचे काटे डोळ्यांत जातात,’ म्हणून विनवतो. चिमणीचं आतून चालूच : स्वयंपाक करतेय, जेवतेय, भांडी घासतेय, केर काढतेय, अंथरुणं घालतेय. सगळं आवरून, पोरांना निजवून, स्वतः आडवी झाल्यावर ती म्हणते, या आता. आणि मग ती झोपली की कावळ्यांची जोडी तिनं दुसऱ्या दिवसासाठी रांधून ठेवलेलं जेवण उचलते आणि उडून जाते. तवा नाही, चटका नाही. शिक्षा झाली तर चिमणीलाच, तीही एका जेवणापुरती.

आता हे ‘मूळ’ धरलं तर गुण कुणाचे कापायचे? तव्यावाल्यांचे की टॉवेलवाल्यांचे?

हा आजार आपल्यापुरता नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या पुतण्याला लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत शिकारी येऊन पोट फाडतो आणि आजी-नात दोघी जिवंत निघतात, एवढंच ठाऊक. तो शिकारी जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातला. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं, १६९७ साली, पेरो यांनी फ्रेंचमध्ये ती छापली तेव्हा लांडग्यानं मुलीला खाल्लं आणि गोष्ट तिथेच संपली. खाली पद्यात तात्पर्य. आणि फ्रान्सच्या खेड्यात म्हाताऱ्या बायका सांगत तिच्यात मुलगी कुणाच्याच मदतीशिवाय सुटते. लांडग्याला म्हणते, मला बाहेर जायचंय, अंथरुणात कसं करू? तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती दोरी झाडाला बांधून पळते. तीन गोष्टी, आणि मुलीच्या अंगात अक्कल किती हे तिन्हींत वेगळं. ग्रिमांनी तर स्वतःचंच बदललं. पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. लोकांना सख्खी सोसवली नसणार. जर्मनीत जे घरोघरी मूळ म्हणून वाचतात तेसुद्धा असं शिवलेलं, उसवलेलं, पुन्हा शिवलेलं आहे.

पण आपल्या गोष्टीला खरं जवळचं नातं आहे ते तीन डुकरांचं. घरं कशाची आणि दारात कोण, हेच दोन प्रश्न. इंग्लंडात जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली छापलेल्या रूपात गवताचं घर आणि काटेरी झुडपांचं घर पाडून लांडगा दोन्ही डुकरांना खाऊन टाकतो. तिसऱ्याच्या विटांच्या घरापर्यंत ती पोचतच नाहीत, म्हणून त्याला दार उघडायचा प्रसंगच येत नाही. १९३३ साली डिस्नेनं त्यावर छोटा चित्रपट केला आणि दोघांना जिवंत ठेवलं. ती पळत पळत तिसऱ्याच्या घरी येतात आणि तो त्यांना आत घेतो. अमेरिकेत तेव्हा मंदीनं माणसं देशोधडीला लागली होती. त्याच साली दार उघडावंसं वाटलं हा योगायोग असेल, नसेल. त्याआधी १८५३ साली छापलेल्या इंग्लंडातल्या डार्टमूरकडच्या रूपात तर डुकरंच नाहीत, परीकथेतली बुटकी माणसं आहेत, आणि लांडग्याच्या जागी कोल्हा. तिथे घरं लाकडाचं, दगडाचं आणि लोखंडाचं. लोखंडाच्या घरात वैशाखात कोण राहणार, हा प्रश्न डार्टमूरला पडत नसावा.

आपली आणि डुकरांची गोष्ट नात्यातल्या असल्या तरी मला त्यांत एक मोठा फरक दिसतो. लांडगा खायला येतो. कावळा राहायला येतो. लांडग्याला दार न उघडणं हे शहाणपण, त्यावर जगात कुठे वाद नाही, म्हणून त्या गोष्टीला शिकवण सहज चिकटते : पक्कं घर बांधा. आपल्याकडे शिक्षक तीच शिकवण उचलून कावळ्याला चिकटवतात. कावळा आळशी, चिमणी कष्टाळू, बोध : मुलांनो, कष्ट करा. मला हे खोटं वाटतं, आणि खोटं वाटायला लावलं ते एका पोरानं.

स्पर्धेनंतर आठ दिवसांनी वाडीतल्या शाळेत मुलांना हीच गोष्ट सांगत होतो. कावळ्याचं घर शेणाचं म्हटल्याबरोबर मागून आवाज आला, ‘गुरुजी, आमचां खळां पण शेणानच सारवतत.’ खळं म्हणजे अंगण. मी गुरुजी नाही, पण तिथे उभा राहणारा प्रत्येक जण गुरुजी. पोरगं पुढे म्हणालं, ‘मगे आमी कावळे?’

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ज्या किनाऱ्यावर दिवाळीच्या सुमारास खळं खणून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून शेणानं सारवतात आणि पुढच्या मिरगाला पाऊस ते सगळं धुऊन नेतो, तिथे शेणाचं घर वाहून जाणं हा आळशीपणाचा पुरावा कसा होईल? रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे महिन्यात शाकारणी करायची, कौलं उतरवून फुटकी बदलायची, पश्चिमेकडच्या मातीच्या भिंतीला माडाची झापं बांधायची, लाकडं पडवीत रचायची. एवढं करून एखादी भिंत बसतेच. तिच्या मालकाला आळशी म्हणायची हिंमत कुणाला होत नाही, कारण पुढच्या वर्षी आपली बसेल. आणि मेणाचं म्हणाल तर दुसऱ्या एका मुलीनं तिथल्या तिथे हिशेब केला. ‘उन्हाळ्यात मेण इतळतला. मगे चिमणी खंय जातली?’

त्यावर मुलांनी आपापसात बोलून गोष्ट पुढे नेली. वैशाखात चिमणीचं घर वितळलं. शेणाचं घर गार असतं, म्हणून ती कावळ्याकडे आली. आता कावळा तिला किती वेळ थांबवणार यावर वर्गात दोन तट पडले. निकाल लागला नाही, घंटा झाली. कष्टाचा धडा त्या पाऊण तासात कुणीच शिकलं नाही. दुसरं काहीतरी झालं, आणि त्याला गुणपत्रकात रकाना नाही.

चिमणीबद्दलही बोललं पाहिजे. तिला स्वार्थी ठरवणं फार सोपं आहे, आणि छापील परंपरा निदान १८६८पासून ते करत आलेली आहे. पण ही गोष्ट आमच्याकडे कुणी सांगितली? बायकांनी. कुठल्या घरात? ज्या घरातला पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, आणि घरी त्याची मनीऑर्डर. घरात सासू, सून, पाळण्यातलं मूल, बाहेर रात्र, पाऊस आणि दारावर थाप. अशा घरातली बाई पहिल्या हाकेला दार उघडत नाही. नाही असंही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं की वैर. ती आतून सांगते, ‘वायच थांब, झिलाक न्हाणयतंय.’ तेवढ्यात आवाज कुणाचा ते ओळखते, सासूला हलवून उठवते, दाराचा आडणा नीट बसलाय ना ते बघते. त्या एका वाक्यात नकार आहे, कारण आहे, आणि घरात आपण एकट्या नाही असं सुचवणंही आहे. न्हाऊ, तेल, काजळ, पेज, नीज ही यादी मला पूर्वी निव्वळ बहाण्यांची वाटायची. आता ती एकट्या बाईच्या दिवसाची वाटते. यातलं एकही काम खोटं नाही. स्पर्धेतली मुलगी चिमणी होताना पाठ करून उभी राहिली. ते तिला कुणी शिकवलं की तिनं पाहिलं, मी विचारलं नाही.

मग चिमणी बरोबर आणि कावळा लबाड? तेही नाही, आणि हे मला २०२०च्या मे महिन्यानं शिकवलं.

त्या महिन्यात करोनामुळे चाकरमानी मुंबईहून गावाला येऊ लागले. ज्यांच्या मनीऑर्डरींवर ही घरं उभी राहिली, गणपतीला ज्यांची वाट बघायची, तेच दारात. गावागावांत ठरलं : चौदा दिवस शाळेत राहायचं, मग घरी. आमच्याही वाडीत बैठक झाली. माझा चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं शाळेच्या खोलीत. बैठकीत ‘थांबू देत’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. घरात ऐंशीची आजी, कारण खरंच होतं. रोज सकाळी पेजेचा डबा शाळेच्या दगडी गडग्यावर ठेवून मी मागे सरायचो, मग भाऊ पुढे येऊन उचलायचा. नवव्या दिवशी पहिला वळवाचा पाऊस झाला आणि खोली गळायला लागली. त्यानं फोन केला. मी म्हटलं, ‘बघतो, बोलतो सगळ्यांशी.’ बोललो दुसऱ्या दिवशी. त्या रात्री त्यांनी बाकांखाली झोप काढली. आज तो येतो, जेवतो, हसतो. पण खळ्यात उभा राहून ‘येऊ का?’ विचारतो, आणि पूर्वी विचारत नसे.

चिमणीचं कारण खरं असू शकतं आणि दाराबाहेरचं भिजणंही खरं असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असताना काय करायचं, हे या गोष्टीत आहे. म्हणून ती साडेसातशे वर्षं टिकली, आणि म्हणूनच तिचा शेवट कुणाला एका जागी बांधता आलेला नाही. जो तो आपल्या दाराचा हिशेब तिच्यात मांडतो.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोलीकडे माझी मावशी राहते, तिचं स्लॅबचं घर. आजूबाजूची कौलं पानांसारखी उडत होती, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या होत होत्या. दोन आठवड्यांपूर्वी रस्त्याच्या पलीकडूनच बोलणाऱ्या वाडीतली सतरा माणसं तिच्या माजघरात दाटीवाटीनं बसली. साथ तेव्हाही होतीच. मावशीला नंतर विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, ‘दाराची कडी काढताना वाटली. मग माणसं मोजायच्या नादात विसरले.’ आजच्या कोकणात स्लॅब हे मेण आणि कौलं हे शेण, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मात्र त्यातून स्लॅब घाला एवढाच बोध काढणाऱ्यानं सिमेंटचा भाव आणि मनीऑर्डर दोन्ही शेजारी ठेवून बघावं.

आणखी एक वाचन आहे, ते मला टाळून पुढे जाता येत नाही. दार उघडलं म्हणजे आत घेतलं असं आपल्याकडे कधी नव्हतं. खळं, ओटी, माजघर, चूल. कोण कुठवर येणार हे जातीनं ठरलेलं. काळा, शेणात राहणारा, अस्वच्छ तो कावळा, आणि बाळाला तीट लावणारी टापटीप ती चिमणी, हे वाटप निरागस आहे असं मला वाटत नाही. याच कोकणात महाडला १९२७ साली तळ्याच्या पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. कावळ्याला धडा शिकवल्यावर जी मुलं हसतात त्यांना दोष नाही, मीही हसलोय. पण टॉवेल देऊन त्याला स्वच्छतेचं गाणं शिकवणारं कार्टून मला तव्यापेक्षा जास्त खुपतं. तव्यात निदान उघड दुष्टावा आहे. गाण्यात कावळ्याचं चुकलंच होतं हे गृहीत धरून त्याच्यावर उपकार केलेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. शाळेत, स्पर्धेत, पुस्तकात लोककथेचं एकच रूप प्रमाण मानावं का, आणि मानलं तर ते मुलांना सोसेल असं मऊ करून घ्यावं का? माझं उत्तर दोन्हींना नाही असं आहे. स्पर्धेच्या गुणपत्रकातला ‘मूळ कथेशी प्रामाणिकपणा’ हा रकाना काढून टाकावा. त्याच्या जागी हवं तर ‘गोष्ट कुणाकडून ऐकली?’ एवढं विचारावं. आजीकडून, आवशीकडून, शेजारच्या काकीकडून, कार्टूनमधून, काहीही चालेल. वर्गात एका आठवड्यात एकाच गोष्टीची निदान दोन रूपं सांगावीत आणि मुलांना भांडू द्यावं. त्याला खर्च नाही, प्रोजेक्टर लागत नाही.

मला माहीत आहे काय म्हणतील. मुलांचा गोंधळ होतो. मला तसा गोंधळ कधी दिसला नाही. आजोळी चुलीजवळ बसून खाल्लं तर चालतं आणि घरी चालत नाही, काकांसमोर मालवणीत बोलायचं आणि बाईंसमोर पुस्तकी, हे सगळं पाचव्या वर्षी बिनचूक सांभाळणारं मूल दोन गोष्टींनी गोंधळत नाही. गोंधळतात परीक्षक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळीच रूपं चांगली म्हटलं तर मग काहीही चालेल, कुणीही उठून कावळ्याला पोलिसात देईल. नाही, सगळी सारखी नाहीत, आणि मी निवड करतो. माझ्या लेखी कसोटी एकच : थांबवणं शिल्लक राहिलं का? पहिल्या हाकेला दार उघडलं की गोष्ट संपली, उरली ती जाहिरात. दार, पाऊस आणि मधली ती न संपणारी पाच कामं असतील तर पुढे कावळा भाजो, खीर खावो, जेवण घेऊन पळो, की दोघं एकत्र रडोत, माझी हरकत नाही. मुलीच्या गोष्टीत थांबवणं होतं, पाच वेळा पाठ फिरवून होतं. म्हणून तिचे दोन गुण कापणं ही चूक होती.

आणि हो, तीन वर्षांच्या भाचीला रात्री झोपवताना मी तवा गाळतो. ती अंधाराला घाबरते, कशाला घाबरवायचं. याला कुणी ढोंग म्हणो. गाळणारा मी तिच्या उशाशी असतो, तिचे डोळे बघून ठरवतो, आणि मोठी झाली की तवा परत येईल हे मला माहीत असतं. कार्टूननं गाळलं की सगळ्या मुलांसाठी, कायमचं गाळलं जातं, आणि परत आणायला कुणी उशाशी नसतं.

गणपती गेले की पितृपक्ष. आमच्याकडे म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध, असतो त्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी घरात कुणी जेवत नाही, कारण गडग्यावर केळीच्या पानात वाडी, म्हणजे पितरांचा घास, ठेवलेली असते आणि ती कावळ्यानं शिवायची असते. ज्याला गोष्टीत दाराबाहेर ठेवला त्याला हात जोडून बोलवायचं. गेल्या भाद्रपदात पाऊस रेंगाळला होता. कावळा समोरच्या फणसावर, पंख अंगाशी घेऊन, भिजून काळा मिट्ट. दादा छत्री घेऊन काव काव करून दमला. मुलं भुकेनं रडकुंडीला आली. मुंबईचा चुलतभाऊ पडवीत घड्याळ बघत होता. कावळा आमच्याकडे बघेना, हलेना.

काकी स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत बाहेर आली, फणसाकडे एकदा बघितलं आणि परत आत जाता जाता म्हणाली, ‘येतलो. वायच थांबा. झिलाक न्हाणयत असतलो.’